डावीकडचे दोन टायर

रविवार, ११ फेब्रुवारी २००७

ही डायरी शौनकच्या कंपनीची. आमच्या मुलाला दरवर्षी तीन मिळतात, त्यातली एक तो मला आणून देतो, म्हणजे आईसाठी काहीतरी आणले असे होते. आजवर मी तिच्यात इस्त्रीला दिलेले कपडे लिहीत असे. आजपासून मनातले लिहिणार आहे, कारण घरात बोलायची सोय राहिलेली नाही. मी बोलले की हे हसतात.

भूमितीत आधी पक्ष लिहायचा आणि मग साध्य, असे मी एकतीस वर्षे मुलींना सांगते आहे. तर पक्ष: हे म्हणजे गोपाळकृष्ण, माझे यजमान, वय एकोणसाठ. स्कूटरच्या कारखान्यात चौतीस वर्षे मालाची तपासणी केली. स्कूटरी खपेनाशा झाल्या, कारखान्याने व्हीआरएस पुढे केली आणि डिसेंबरपासून हे घरी आहेत. साध्य: हा माणूस बिघडला आहे.

आज यांनी गाडी आणली. लाल. दोन माणसांची. तिचे टप काढता येते आणि ती जमिनीपासून वीतभर उंच आहे. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी नेसून आत बसायचे तर आधी लोटांगण घालावे लागते. बाणेरच्या कोणा सॉफ्टवेअरवाल्या मुलाची होती. तो अमेरिकेला चालला म्हणून स्वस्तात दिली. स्पोर्ट्स कार म्हणतात असे हे चारचौघांत मोठ्याने सांगत होते. सोसायटीतले सगळे खाली उतरून बघून गेले. मी वरूनच बघितली आणि मला शिसारी आली. या वयात माणसे गीतेचा वर्ग लावतात.

सत्तावीस मेला आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे होतात. त्या दिवशी टप उघडून पाचगणीला जायचे ठरले आहे, म्हणजे यांनी ठरवले आहे. "बहात्तर साली एसटीनं गेलो होतो. तुला खिडकी मिळाली नाही आणि घाटात उलटी झाली. तेव्हापासून तुझं एक देणं आहे माझ्याकडे," म्हणाले. इतकी वर्षे लोटल्यावर नवऱ्याला नेमकी उलटी आठवावी.

रविवार, १८ फेब्रुवारी

पहिली फेरी. सहकारनगर ते विद्यापीठ आणि परत. धूळ, धूर, शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्याची पानाची पिंक दारापासून हातभर अंतरावर. मोटारसायकलवरची पोरे अंगठा दाखवून गेली. यांनीही उलट दाखवला.

दर चौकात हे डावीकडे वळून माझ्याकडे बघत होते. "केस उडताना तू बरी दिसतेस," म्हणाले. सिग्नलकडे बघा, म्हटले. घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतले तर बादलीत गढूळ ओघळ. पुन्हा बसणार नाही.

गुरुवार, ८ मार्च

हे दिवसभर पडदे ओढून पडून आहेत. डोके मागून ठणकते आहे आणि डाव्या बाजूला काहीतरी लुकलुकते म्हणे. काल भर दुपारी टप उघडून हिंडलात, दुसरे काय होणार, म्हटले. सुंठ उगाळून लावली. डॉक्टरकडे जायचे का, विचारले तर म्हणाले, "टोपी घालायला हवी होती." संध्याकाळी मऊ खिचडी खाल्ली आणि बरे वाटते म्हणाले. मला उद्या दहावीच्या परीक्षेवर सुपरव्हिजन आहे, या नाटकाला वेळ नाही.

बुधवार, २१ मार्च

ताटाची डावी बाजू मला माझ्या आईने शिकवली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. डावी बाजू बघून बाईची पारख होते, असे आई म्हणायची. मी शाळेतून दमून आले तरी डावी बाजू कधी चुकवली नाही.

गेले आठ-दहा दिवस हे डावीकडच्याला हात लावत नाहीत. परवा कैरीची चटणी तशीच. काल काकडीची कोशिंबीर तशीच, वर सुटलेले पाणी. आज दाण्याची चटणी, जी हे एरवी नुसती चमच्याने खातात, ती तशीच ताटात घेऊन उठले. वर विचारतात, "हल्ली चटणी करत नाहीस का?" ताटात समोर चटणी असताना.  खरकटे काढताना त्या अर्ध्या ताटाची मला किळस आली. ज्याला बाहेरचे बटाटेवडे गोड लागायला लागले, त्याला घरचे दिसत नाही.

सोमवार, २ एप्रिल

दोन गोष्टी लिहून ठेवते.

पहिली. सकाळी पेपर वाचताना हे चिडले. "'राजीनामा देणार नाही.' कोण देणार नाही? कर्ता नको वाक्याला? यांना हल्ली बातमीची सुरुवातच करता येत नाही." मी पोहे परतत होते, पण मला पटले. रंगीत जाहिराती आल्यापासून वर्तमानपत्रांचे काही खरे नाही. गेली वीस वर्षे रोज सोडवायचे ते शब्दकोडेही यांनी सोडले. चौकोन नीट छापत नाहीत म्हणे.

दुसरी. दाढी. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या कानाखाली पांढरे खुंट. असेच परवा बँकेत गेले. चौतीस वर्षे लोकांच्या मालातली खोट काढली आणि आता स्वतःचा गाल पूर्ण करायचा कंटाळा. मला लाज वाटली. सांगितले तर आरशात बघून म्हणाले, "केलीय की." खोटे बोलताना तोंडावर सुरकुतीही हलली नाही.

सोमवार, ९ एप्रिल

गाडीचा डावा आरसा गेला. सोसायटीच्या फाटकाला घासला. डावे दार घासलेले आहेच. हे म्हणतात, केबल टाकणाऱ्या कंपन्यांनी रस्त्याची डावी कड खणून ठेवली आहे, दुसऱ्या कोणत्या शहरात असे चालले असते का. चालले नसते, हे खरे. शहराची चाळण झाली आहे. ज्याला त्याला घरात इंटरनेट हवे आणि दारात खड्डा.

काल लक्ष्मी रस्त्याला गेलो होतो. मी गाडीत पूर्ण वेळ बोलत होते, शाळेत मला पुढच्या वर्षी निरोप द्यायची तयारी कशी आत्तापासून चालली आहे ते. यांनी एकदाही मान वळवली नाही. फेब्रुवारीत दर चौकात बघत होते. नव्याचे नऊ दिवस संपले. गाडीचेही आणि माझेही.

रविवार, १५ एप्रिल

मार्केट यार्डात हापूसची पेटी आणायला गेलो. ही गाडी अशी की पेटी ठेवायला जागा नाही, तेव्हा ती माझ्या मांडीवर. गवत टोचते, चीक लागतो, वरून ऊन. बाहेर पडताना हे सरळ डावीकडच्या फूटपाथच्या दगडावर चढले. धाड्कन आवाज, पेटी माझ्या पोटात, आणि पुढचा डावा टायर फुटला. भोवती हमाल जमले. एकाने विचारले, "काका, फूटपाथ दिसला न्हाई व्हय?" सगळे हसले. यांनीही हसून दाखवले. मला जमिनीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते.

समोरच टायरचे दुकान होते, उत्तरेश्वर नावाच्या माणसाचे. बार्शीकडचा, पन्नाशीचा, ट्रकांचेच टायर करतो. स्टेपनी चढवून दिली. मग गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या डाव्या टायरपाशी उकिडवा बसला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे लिंबाएवढा फुगा आला होता.

"ह्यो बी जाणार," म्हणाला. "दोन दिसात न्हाय तर दोन म्हैन्यात. घाटात जाऊ नका."

"मग डावीकडचे दोन द्या," हे म्हणाले.

"असला साइज पुण्यात मिळत न्हाय. मुंबईहून मागवावा लागतंय, आठ दिस तरी. पन साहेब, दोन का चार ते आधी ठरवा."

"उजवीकडचे दोन उत्तम आहेत. चांगला माल फेकायची मला सवय नाही."

"तुमचं तुमी बगा," तो म्हणाला आणि हात पुसायला गेला.

आंबे निम्मे दबले. रस साडीला.

सोमवार, १६ एप्रिल

घरात आता टायर हा एकच विषय आहे. यांनी कारखान्यातले जुने मापाचे यंत्र काढून टायरच्या खाचा मोजल्या आणि कागदावर तक्ता केला. उजवे दोन: ऐंशी टक्के शिल्लक. डावे दोन: कडा खलास. निष्कर्ष: दोन बदलणे. खाली लफ्फेदार सही आणि तारीख, जणू कारखाना अजून चालू आहे.

शौनकला फोन केला. तो हिंजवडीला मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर येऊन बोलला. "आई, चारही बदला नाहीतर विकून टाका. एका साइडला नवे आणि एका साइडला जुने, हा सेफ्टी इश्यू आहे. बाबांना सांग, गूगल करा."

"त्याला सांग, तू जन्मायच्या आधीपासून मी चाकं तपासतोय," हे आतून म्हणाले.

मला दोघांचाही वीट आला. एकाला काही फेकवत नाही, दुसऱ्याला काही ठेववत नाही. माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर शून्य सांगितले असते. चाके काढून टाका आणि त्यात तुळस लावा.

मात्र पाचगणीच्या खोलीचे आरक्षण यांनी आजच केले. सव्वीस आणि सत्तावीस मे. गाडीला टायर मिळोत न मिळोत.

रविवार, २२ एप्रिल

उत्तरेश्वरने टायर मागवलेच नव्हते. "दोन लिहून घेतलं, पन मन झालं न्हाय. एकदा चारी खोलून दाखवतो, मग बोला," असा निरोप. म्हणून पुन्हा मार्केट यार्ड. मी गेले कारण घरी बसले असते तर यांनी आठ टायर घेतले असते किंवा एकही नाही.

त्याने गाडी चार ठोकळ्यांवर चढवली, चारही टायर उतरवले आणि स्टेपनीच्या जागी तो फुटलेला धरून दुकानापुढे फरशीवर ओळीने मांडले. उजवे दोन खरेच नवे दिसत होते. डाव्या दोघांच्या बाहेरच्या कडा कुरतडल्यासारख्या, जागोजाग कापलेल्या, दगडाचा पांढरा चुना लागलेल्या. हे उजवीकडच्या टायरपाशी उभे राहून कोणा ट्रकवाल्याला तक्ता समजावू लागले. उत्तरेश्वर माझ्याजवळ आला.

"बाई, तीस वर्सं टायर बघतोय. पुढची जोडी जाती, मागची जोडी जाती. डावी जोडी जात नसती. ती जोडीच न्हाय. पुढल्या दोन चाकांत एक नवं आन् एक जुनं घातलं तर गाडी एका अंगाला ओढंल. दोन घालून भागत न्हाय, चारच लागतील. पन ते ऱ्हाऊ द्या." त्याने आवाज खाली आणला. "आमच्याकडं गेनबा म्हणून ड्रायवर व्हता. त्याचे टायर असेच यायचे. डोळ्याला डाव्या अंगाचं दिसत नव्हतं, आन् लायसन जाईल म्हणून सांगत नव्हता. साहेबांची नजर दाखवली का?"

मी म्हटले, यांचा चष्मा दरवर्षी बदलतो, जानेवारीतच तपासून आणला आहे. हात जोडले आणि बाजूला झाले.

घरी येईपर्यंत माझे अंग जळत होते. यांची तुलना कोणा ट्रक ड्रायव्हरशी. आणि लपवाछपवी? हा माणूस स्वतःचा वाढदिवस लपवू शकत नाही. टायर विकणाऱ्याने टायर विकावेत. त्याला चारचे गिऱ्हाईक करायचे होते, म्हणून ही गोष्ट जोडली. किती टायर ते ठरले नाहीच. गाडी तिथेच ठोकळ्यांवर, आम्ही रिक्षाने घरी.

रिक्षात मी यांच्या डाव्या हाताला बसले होते. रिक्षा सुरू होताच यांनी रिक्षावाल्याला सांगितले, "जरा थांबा, आमच्या मिसेस अजून बसल्या नाहीत." चेष्टा करण्याची ही वेळ होती का? 

सोमवार, २३ एप्रिल

दुपारी जेवताना पुन्हा तेच. टोमॅटोची कोशिंबीर, कैरीची चटणी, लिंबाची फोड, सगळे तसेच. पोळी आणि भाजी संपली आणि हे म्हणाले, "आज लिंबू नाही का?"

माझा तोल गेला. ताट उचलून तोंडावर मारावे असे वाटले, खरेच वाटले. ते करता येत नाही म्हणून मी ताटाची कड धरली आणि रागाने गर्रकन फिरवले. डावी बाजू उजवीकडे आली.

"अरे," हे म्हणाले. "कोशिंबीर कधी वाढलीस?"

आणि खाऊ लागले. चटणी बोटाने पुसून खाल्ली. लिंबू शेवटच्या भातावर पिळले. "महिन्यानं केलीस चटणी. मी म्हटलं रुसलीस की काय," म्हणाले. अगदी मनापासून. ज्याला नाटक येते तो असे खात नाही.

मी समोर उभी होते. मग हळूच यांच्या डाव्या बाजूला गेले आणि कानाच्या रेषेत हात वर धरला. बोटे हलवली. हे ताक पीत राहिले. हात तसाच पुढे आणत गेले. नाकाच्या समोर आल्यावर यांनी एकदम दचकून पेला सांडला. "काय करतेस काय?"

माशी होती, म्हटले.

पेपर, दाढी, आरसा, फूटपाथ, रिक्षा. सेहेचाळीस दिवस. मी पोरींना सांगते की आकृती नीट बघितली तर सिद्धता तिच्यातच असते. आठ मार्चला यांचे डोके दुखले तेव्हा मी सुंठ लावली. सुंठ. स्वतःची किळस यावी असे आयुष्यात दोन-तीनदाच झाले असेल, त्यातले हे सगळ्यात मोठे.

गुरुवार, २६ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी फोटो काढायला. आज निकाल. मेंदूच्या मागच्या भागात एक लहान रक्तवाहिनी बंद झाली, बहुधा मार्चच्या सुरुवातीला. डोळे दोन्ही उत्तम आहेत. फक्त दोन्ही डोळ्यांनी डाव्या अर्ध्यातले काही दिसत नाही, आणि दिसत नाही हे माणसाला कळतही नाही. डॉक्टर म्हणाले, काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. आता परत येण्याची आशा फारशी नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या. मान मुद्दाम डावीकडे वळवून बघायची सवय लावायची. गाडी, स्कूटर, सायकल, सगळे बंद.

हे शांत होते. बाहेर आल्यावर पायरीवर बसले. म्हणाले, "म्हणजे फूटपाथ बरोबर होता."

होय, म्हटले.

"आणि तू गाडीत असून नसल्यासारखी असायचीस. मला वाटायचं, गाडीवरून रागावलीस. आवाज यायचा, पण वाटायचं तू खिडकीकडे तोंड करून बोलतेस. वळून बघायचा धीर व्हायचा नाही."

मी यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

रविवार, २९ एप्रिल

शौनक येऊन गेला. रडला, मग लगेच कामाला लागला. "गाडी विकून टाकू. मी ऑनलाइन टाकतो, आठ दिवसांत जाईल." हे म्हणाले, विका. पाचगणीची खोली रद्द केली.

विकायची तर ती ठोकळ्यांवरून उतरवायला हवी, म्हणून मीच उत्तरेश्वरकडे गेले. आधी क्षमा मागायची होती. मागितली. तो कानकोंडा झाला. "गेनबाचं बी बायकूनंच ओळखलं व्हतं," म्हणाला. चहा मागवला, तो घेतला. कपाची कड मळकी होती, तरी घेतला.

मग म्हणाला, "बाई, विकायची आसंल तर चारची गरज न्हाय. फुटलेला आन् फुगलेला तेवढा बदलू, धुऊन पुसून हुबी करू. गिऱ्हाईक लाल रंग बगतंय, टायर कोन बगतंय? चालवायची आसंल तरच चार."

दुकानापुढे ते चार टायर अजून पडलेले होते. शेजारी आमची गाडी, चाकांशिवाय. घेणारा असाच कोणी मुलगा असेल, टप उघडून बायकोला घाटात नेणारा, आणि एका अंगाला ओढणारी गाडी घेऊन. 

चार मागवा, म्हटले.

"विकनार न्हाय?"

चार, म्हटले. का म्हटले ते घरी येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. घरी आल्यावरही मी कोणाला सांगितलेले नाही.

रविवार, २७ मे

लग्नाला पस्तीस वर्षे. पुरणपोळी. ताटाच्या डाव्या बाजूला मी लाल रंगाची फीत चिकटवली आहे. ती दिसेपर्यंत मान वळवायची, असा नियम. यांनी वळवली, चटणी सापडली, आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघितले. "डावीकडे बघा" हे मी दिवसातून वीसदा म्हणते. दार, पायरी, कुत्रे, मोरीतली बादली. मला स्वतःच्या आवाजाचा उबग आला आहे.

गाडी खाली कापडाखाली उभी आहे, चार नव्या टायरांवर. शौनक विचारतो, जाहिरात कधी टाकू. मी म्हणते, बघू.

सोमवार, ११ जून

ड्रायव्हिंग स्कूल. वय सत्तावन्न. गाडीवर फळीएवढी मोठी पाटी आणि मागून हॉर्न. शिकवणारा गृहस्थ गुटखा खातो आणि मला "काकू, क्लच, क्लच, क्लच" म्हणतो. गाडीच्या सीटला आधीच्या चाळीस शिकाऊंचा घाम. सारसबागेपाशी बंद पडली, तर पाठीमागचा माणूस काच खाली करून म्हणाला, "घरी बसायचं की." म्हटले, तुम्ही बसा, तुमच्या घरी जागा आहे का?

घरी येऊन अंघोळ केली. यांना अजून सांगितलेले नाही. यांना वाटते, मी शाळेत ज्यादा तास घेते.

शनिवार, १८ ऑगस्ट

पहिल्यांदा नापास. परीक्षा घेणाऱ्याने माझ्या पिशवीकडे बघून विचारले, "भाजी आणायला जाणार का गाडी घेऊन?" मंडईत गाडी लावायला जागा मिळते असे ज्याला वाटते, तो लोकांना लायसन देतो.

यांना कळले. पेपरच्या डावीकडे ठेवलेली माझी शिकाऊ लायसनची पावती यांना दिसली. मान वळवून बघण्याची सवय लागली आहे म्हणून दिसली.  संध्याकाळी जुन्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिअरची आकृती काढून माझ्या उशीवर ठेवली. खाली सही आणि तारीख.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पास.

रविवार, २५ नोव्हेंबर

पाचगणी नाही. पाचगणीला माझे धाडस नाही. कात्रजचा जुना घाट, बोगद्यापर्यंत आणि परत. सकाळी साडेसहाला निघालो, म्हणजे रस्त्यावर मला हसणारे कमी.

टप उघडले. मी उजवीकडे बसले. साडीऐवजी अपूर्वाने, म्हणजे सुनेने, दिलेला पंजाबी ड्रेस, तो मला अजिबात शोभत नाही. हे डावीकडे, दप्तर घेतल्यासारखी गोळ्यांची पिशवी मांडीवर. सहकारनगरातून बाहेर पडेपर्यंत यांनी अकरा सूचना केल्या. धनकवडीला दोनदा बंद पडली. कचऱ्याच्या गाडीमागे दहा मिनिटे अडकलो आणि तो वास अजून माझ्या ओढणीला आहे. लोक या गाडीत सुख म्हणून बसतात.

घाट लागला तसे हे गप्प झाले. मी रस्त्यावर नजर लावून, दात आवळून. टायर रस्त्याला नीट धरून होते, चारही सारखे, कुठल्याही अंगाला ओढ नाही. दुसऱ्या वळणावर सहज बाजूला बघितले तर हे माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या वळणावरही. भूमितीची शिक्षिका मी, आणि मला हे आज कळले: डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला चालवणारा असतो. यांच्याकडे उरलेल्या सगळ्या जगात मी होते.

"समोर बघा," म्हटले.

"समोर तू बघ. मला काम नाही," म्हणाले. "केस उडताना बरी दिसतेस."

केस पिकले आहेत, आणि त्यात कचऱ्याच्या गाडीची धूळ. तसे सांगितले. तरी बघत राहिले.

चौथ्या वळणावर झाडी सरली आणि डावीकडे एकदम दरी उघडली, खाली धुके, धुक्यातून वर आलेले सगळे पुणे. पस्तीस वर्षांपूर्वी एसटीत मला खिडकी मिळाली नव्हती, त्यामुळे हे मी कधी पाहिलेच नव्हते. यांना दिसले नाही. सात महिने दिवसातून वीसदा मी "डावीकडे बघा" म्हणते. आज म्हटले नाही.